घरच्या थिएटरला दरवान हवा!

सिनेमे, गाणी, फोटो सगळं घरच्याच सर्व्हरवर ठेवलंय? झक्कास! पण तेच आता ऑफिसातून, गावाहून किंवा परदेशातून बघायचं असेल, तर घराचं कोणतं दार उघडायचं आणि दारात कुणाला उभं करायचं? 'रिव्हर्स प्रॉक्सी'चा फंडा, सोप्या मराठीत.

पुण्यातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय घराचा माळा उपसून बघा. आई-बाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट सापडेल. कर्वे रोडच्या अलूरकर म्युझिक हाऊसमधून बाबांनी एकेक करून जमवलेल्या शास्त्रीय संगीताच्या कॅसेट सापडतील. ताईच्या गॅदरिंगची सीडी, आजीच्या आवाजात टेप केलेल्या भूपाळ्या आणि जुन्या हार्ड डिस्कमध्ये पडून असलेले हजारो फोटो. यातलं काहीही कुठल्याच ओटीटीवर मिळणार नाही. कितीही महागडा प्लॅन घ्या, 'कंटिन्यू वॉचिंग'च्या रांगेत आजी काही यायची नाही!

म्हणून तर हल्ली कॉम्प्युटरची जरा जाण असलेल्या मंडळींच्या घरी टीव्हीमागे एक छोटासा डबा गुपचूप चालू असतो. जुना लॅपटॉप नाहीतर हाताच्या पंजाएवढा मिनी पीसी. त्यात मोठी हार्ड डिस्क आणि 'जेलीफिन'सारखं सॉफ्टवेअर. झाला तुमचा होम मीडिया सर्व्हर! पोस्टर, कलाकारांची नावं, अर्धवट राहिलेला सिनेमा तिथूनच पुढे सुरू... सगळा थाट ओटीटीचा, फक्त मालक तुम्ही.

जेलीफिन पूर्णपणे मोफत आहे. 'एम्बी' या सॉफ्टवेअरनं आपला सोर्स कोड बंद केला, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये त्यातून काही डेव्हलपर मंडळींनी ही वेगळी चूल मांडली. या क्षेत्रातलं दुसरं मोठं नाव म्हणजे 'प्लेक्स'. पण २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सवर घराबाहेरून स्वतःचेच व्हिडिओ बघायचे तर पैसे मोजावे लागतात. तेव्हापासून 'आपणच सोय करू की' म्हणणाऱ्यांना जेलीफिन जास्तच जवळचं वाटू लागलं.

घरात सगळं मस्त चालतं. मग एक दिवस न्यू जर्सीतली ताई फोनवर विचारते, 'अरे, आजीच्या त्या भूपाळ्या मला इकडे ऐकता येतील का रे?' आणि खरा खेळ इथून सुरू होतो.

ऑफिसातला प्रॉक्सी आठवतोय?

दोन हजारच्या दशकात नोकरीला लागलेल्यांना 'प्रॉक्सी' म्हटलं की एकच गोष्ट आठवते. ऑफिसात ऑर्कुट उघडायला जायचं आणि स्क्रीनवर 'ॲक्सेस डिनाइड'ची पाटी! ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, पण ऑफिसचा प्रॉक्सी अजून जिवंत आहे. तो आतल्या माणसांच्या वतीनं बाहेर जातो आणि कुणी कुठं जायचं ते ठरवतो.

रिव्हर्स प्रॉक्सीचं काम बरोबर उलटं. तो बाहेरून येणाऱ्यांना सामोरा जातो. तुमच्या सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. पार्सलवाला येतो, 'कुणाकडे?' विचारलं जातं, 'बी विंग, ४०२' असं उत्तर आलं की वॉचमन त्याला वाट दाखवतो. आत किती विंग आहेत, कोणत्या फ्लॅटची किल्ली कुठं असते, हे बाहेरच्याला कळायचं कारण नाही.

सर्व्हरमध्ये या फ्लॅट नंबरांना 'पोर्ट' म्हणतात. जेलीफिन ८०९६ नंबरवर राहतं. फोटो सांभाळणारं 'इमिच' २२८३ वर आणि घरातले दिवे-पंखे चालवणारं 'होम असिस्टंट' ८१२३ वर. रिव्हर्स प्रॉक्सी नसेल तर यातल्या प्रत्येकासाठी राउटरमध्ये एकेक भोक पाडावं लागतं. प्रॉक्सी असेल तर बाहेरून उघडा असतो फक्त ४४३, म्हणजे एचटीटीपीएसचा दरवाजा. आलेला माणूस कोणत्या नावानं हाक मारतोय ते बघून प्रॉक्सी त्याला योग्य ठिकाणी पोचवतो. 'सिनेमा' असं सबडोमेन टाकलं की जेलीफिन, 'फोटो' टाकलं की इमिच. शनिवारवाड्याला पाच दरवाजे होते, पण पेशव्यांकडे ते राखायला माणसंही होती. तुमच्या वन बीएचकेला एकच पुरे!

आधी बघा, रस्ता आहे का?

इथं बऱ्याच जणांची गाडी अडते. राउटरमध्ये सगळं बरोबर केलं, तरी बाहेरून काहीच उघडत नाही. कारण असतं 'सीजीनॅट'.

त्याचं असं झालं. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही ४ मध्ये, एकूण पत्ते साधारण ४३० कोटी. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याला आलेला साठा १५ एप्रिल २०११ ला तळाशी गेला आणि तेव्हापासून पत्त्यांचं रेशनिंग सुरू झालं. मग इंटरनेट कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवू लागल्या. सगळ्या बिल्डिंगला मिळून एकच पोस्टाची पेटी, तसं. तुम्ही पाठवलेलं पत्र बाहेर जातं, पण बाहेरून आलेलं पत्र नेमकं तुमच्या घरात टाकायचं कुणी?

तपासणं सोपं आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये 'वॅन आयपी' बघा आणि मग ब्राउजरमध्ये 'माझा आयपी काय' असं सर्च करून बघा. दोन्ही आकडे सारखे असतील तर तुम्ही नशीबवान. राउटरमधला आकडा १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. तो १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल, तरी पब्लिक पत्ता तुमच्या राउटरकडे नाही. मात्र मध्ये तुमचाच दुसरा राउटर नाही ना, ते आधी बघा.

अशा वेळी मार्ग तीन. एक, कंपनीला फोन करून स्टॅटिक आयपी मागायचा. बऱ्याच कंपन्या वर्षाला जादा पैसे घेऊन तो देतात. दोन, आयपीव्ही ६ वापरायचं. ते आपल्याकडे आता बऱ्याच कनेक्शनवर असतं, पण बघणाऱ्याकडेही ते असावं लागतं. तीन, मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये महिन्याच्या भाड्यानं छोटासा सर्व्हर घ्यायचा, प्रॉक्सी तिथं बसवायचा आणि तिथून घरापर्यंत 'वायरगार्ड'चा खासगी बोगदा काढायचा. तिसरा मार्ग थोडा खटपटीचा, पण त्यात घराचा खरा पत्ताही जगाला दिसत नाही.

दरवान नेमताना

उमेदवार मुख्य तीन. पहिला 'एनजिनएक्स'. रशियाच्या इगोर सिसोएव यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम २००४ मध्ये लोकांसमोर आला आणि आज जगातल्या असंख्य वेबसाइट त्याच्या भरवशावर उभ्या आहेत. अत्यंत कामसू, पण त्याला प्रत्येक गोष्ट लिहून द्यावी लागते. दुसरा 'एनजिनएक्स प्रॉक्सी मॅनेजर'. आत तोच एनजिनएक्स, फक्त वर माउसनं चालणारी स्क्रीन. तिसरा 'कॅडी'. नवशिक्यांसाठी आमचं मत यालाच!

कॅडी का? त्याची सेटिंगची फाइल बघाल तर हसाल. पहिल्या ओळीत तुमच्या सबडोमेनचं नाव आणि उघडणारा महिरपी कंस. दुसऱ्या ओळीत रिव्हर्स, अंडरस्कोर, प्रॉक्सी अशी इंग्रजीत जोडून लिहिलेली आज्ञा, त्यापुढे जेलीफिनचा घरातला पत्ता आणि ८०९६. तिसऱ्या ओळीत कंस बंद. संपलं! ब्राउजरमध्ये दिसणारी सुरक्षेची खूण, म्हणजे एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट, कॅडी स्वतःच मागवतो आणि मुदत संपायच्या आत स्वतःच नवं आणतो.

हे सर्टिफिकेट देते 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा संस्था. पूर्वी अशा सर्टिफिकेटसाठी पैसे मोजावे लागायचे. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्टचं दार सगळ्यांना उघडं झालं आणि घरच्या सर्व्हरवाल्यांची दिवाळी झाली. नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवस चालतं, म्हणून ते आपोआप नवं होणं महत्त्वाचं.

आता क्रम लक्षात घ्या. डोमेन नाव विकत घ्यायचं. साधी नावं वर्षाला एखाद्या पिझ्झा पार्टीच्या खर्चात मिळतात. त्या नावाला घराचा आयपी जोडायचा. आयपी सारखा बदलत असेल तर 'डायनॅमिक डीएनएस'ची सोय करायची, म्हणजे नवा पत्ता आपोआप नोंदवला जातो. राउटरमध्ये ८० आणि ४४३ हे दोनच पोर्ट प्रॉक्सीच्या मशिनकडे वळवायचे. यातला ८० फक्त सर्टिफिकेटसाठी आणि आलेल्याला ४४३ कडे पाठवण्यासाठी. आणि ८०९६? त्याला राउटरमध्ये हातही लावायचा नाही. तो बाहेरून उघडा ठेवला तर पुढच्या गेटवर वॉचमन आणि मागचं फाटक सताड उघडं, अशी गत!

दोन बारकावे जाता जाता. जेलीफिनच्या 'नेटवर्किंग' सेटिंगमध्ये 'नोन प्रॉक्सीज' असा रकाना आहे. तिथं प्रॉक्सीचा पत्ता भरा. नाहीतर येणारा प्रत्येक माणूस जेलीफिनला वॉचमनच्याच चेहऱ्याचा दिसतो आणि पासवर्डची चोरटी झटापट कोण करतंय ते कळत नाही. आणि एनजिनएक्स वापरत असाल तर 'वेबसॉकेट' चालू करायला विसरू नका. त्याशिवाय दोघांनी दोन शहरांत बसून एकाच वेळी सिनेमा बघायची 'सिंक प्ले'ची गंमत नीट चालत नाही.

अजून एक हमखास प्रश्न. बाहेरून सगळं उघडतं, पण घरच्या वायफायवर तेच नाव उघडत नाही! काही राउटरना आतूनच बाहेरचा पत्ता गाठून परत आत येणं जमत नाही. राउटरमध्ये 'नॅट लूपबॅक' आहे का बघा. नसेल तर घरातल्या डीएनएसमध्ये ते नाव थेट प्रॉक्सीच्या घरातल्या पत्त्याला जोडा.

एका घरच्या सर्व्हरची महागडी गोष्ट

इथपर्यंत वाचून 'दरवान बसवला, आता बिनधास्त' असं वाटलं असेल तर थांबा. ही गोष्ट प्रत्येक आयटीवाल्यानं वाचायलाच हवी.

'लास्टपास' ही लोकांचे पासवर्ड सांभाळणारी कंपनी. २०२२ मध्ये तिच्यावर मोठा हल्ला झाला आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांचा बॅकअप चोरांच्या हाती लागला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीनं जे सांगितलं ते ऐकून भलेभले चक्रावले. बॅकअपच्या किल्ल्यांपर्यंत पोचू शकणारे इंजिनीअर होते फक्त चार. त्यातल्या एकाच्या घरच्या कॉम्प्युटरवर मीडिया सॉफ्टवेअर होतं. चोर त्यातून आत शिरले, प्रत्येक टाइप केलेलं अक्षर टिपणारा प्रोग्रॅम त्यांनी बसवला आणि मास्टर पासवर्ड उचलला. ते सॉफ्टवेअर प्लेक्स होतं, हे मग समोर आलं. आणि कहर म्हणजे त्यातली त्रुटी प्लेक्सनं मे २०२० मध्येच दुरुस्त केली होती! इंजिनीअरनं फक्त अपडेट केलं नव्हतं.

यात रिव्हर्स प्रॉक्सी असता तर काय झालं असतं? खरं सांगायचं तर, फारसं काही नाही. वॉचमन रजिस्टर बघतो, नाव जुळलं तर आत सोडतो. फ्लॅटचं कुलूपच मोडकं असेल तर तो काय करणार? प्रॉक्सी दारं कमी करतो, बोलणं कूटबद्ध करतो, येणाऱ्यांची नोंद ठेवतो. आतल्या सॉफ्टवेअरची भोकं तो बुजवत नाही.

आता जरा स्वतःच्या घराकडे बघा. तो टीव्हीमागचा डबा ज्या वायफायवर आहे, त्याच वायफायवर तुमचा ऑफिसचा लॅपटॉप आहे ना? वर्क फ्रॉम होमच्या दिवशी हिंजवडीतल्या क्लायंटचा डेटा आणि तुमचे सिनेमे एकाच खोलीत नांदतात. म्हणजे प्रश्न फक्त तुमच्या सिनेमांचा नाही, नोकरीचाही आहे!

उपाय फार अवघड नाहीत. ऑफिसचा लॅपटॉप राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर टाका, म्हणजे सर्व्हर आणि तो एकमेकांना दिसत नाहीत. जमत असेल तर सर्व्हरसाठी वेगळं 'व्हीलॅन' करा. ऑफिसचं कोणतंही काम त्या डब्यावर करू नका. सर्व्हरचे अपडेट दर महिन्याला नेमानं करा. जेलीफिनचं ॲडमिन खातं रोजच्या बघण्यासाठी वापरू नका. घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं आणि लांबलचक पासवर्ड द्या. चुकीचे पासवर्ड मारत बसणाऱ्यांना बाहेर काढणारा 'फेलटूबॅन' बसवा.

आणि 'माझा पत्ता कुणाला माहितीये?' या भ्रमात राहू नका. सर्टिफिकेट घेतलं की ते नाव जगजाहीर नोंदवहीत जातं आणि ती कुणालाही वाचता येते. तुम्ही 'जेलीफिन' नावाचं सबडोमेन केलंत तर दारावर आत काय आहे त्याची पाटीच लावलीत. साधंसं नाव घ्या, नाहीतर सगळ्या सबडोमेनना मिळून चालणारं 'वाइल्डकार्ड' सर्टिफिकेट घ्या.

दारच नको असेल तर?

बघणारे तुम्ही, बायको किंवा नवरा आणि ताई एवढेच असाल, तर दार उघडायची गरजच नाही. 'टेलस्केल'सारखी व्हीपीएन सेवा घ्या. ती वायरगार्डवरच चालते, सीजीनॅट असला तरी जमवून घेते आणि राउटरमध्ये एकही भोक पाडावं लागत नाही. तोटा एकच, बघणाऱ्याच्या प्रत्येक फोनवर आणि टीव्हीवर ते ॲप टाकावं लागतं. न्यू जर्सीतल्या ताईला ते सहज जमेल. साताऱ्यातल्या मामांना फोनवर समजावताना मात्र तुमचा रविवार जाईल!

'क्लाउडफ्लेअर टनेल'ही अनेकांना मोह घालतो. पण तिथून व्हिडिओचा मोठा ओघ मोफत वाहून नेण्यावर कंपनीच्या अटींमध्ये बंधनं आहेत. फोटो किंवा छोट्या वेबसाइटला ठीक, सिनेमांसाठी नको.

थोडक्यात, बघणारे थोडे आणि टेक्नो-सॅव्ही असतील तर व्हीपीएन. बघणारे घरातले ज्येष्ठ, वेगवेगळे टीव्ही, 'नुसता पत्ता सांग, बाकी नको' असं म्हणणारे असतील तर रिव्हर्स प्रॉक्सी.

स्पीड, वीज आणि आठवणी

ताईला सिनेमा अडखळत दिसतोय? तुमचा डाउनलोड नाही, अपलोड स्पीड बघा. एका फुल एचडी सिनेमाला ८ एमबीपीएस धरले, तर तीन घरं एकदम बघायला बसली की २४ एमबीपीएस गेले. जेलीफिनमध्ये बाहेरच्यांसाठी बिटरेटची मर्यादा घालता येते. ती घाला. आणि गुरुवारी महावितरणचं काम निघालं की दार, दरवान आणि थिएटर सगळंच झोपतं. राउटर, फायबरचा डबा आणि सर्व्हर तिन्ही एका छोट्या यूपीएसवर असू द्या.

आणखी एक. तुमच्या घरचे व्हिडिओ तुमचे, पण विकत घेतलेल्या सिनेमाचा कॉपीराइट तुमचा नाही. घरच्यांपुरतं ठीक. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक आणि पासवर्ड वाटलात तर १९५७ चा कॉपीराइट कायदा आड येतो.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कोठारात आग लागली. जुन्या नायट्रेट फिल्मची अनेक रिळं जळून गेली. ज्या सिनेमांच्या प्रती आधीच दुसरीकडे काढून ठेवल्या होत्या, ते आपल्याला आजही बघता येतात. एवढ्या मोठ्या संस्थेची ही कथा, तर आपल्या एका हार्ड डिस्कची काय हमी? आजीच्या भूपाळ्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क दुसऱ्या घरात. ताईकडेच ठेवा की!

दार उघडण्याआधी

• वॅन आयपी तपासला? सीजीनॅट आहे का?
• राउटरमध्ये ८० आणि ४४३ सोडून बाकी सगळं बंद?
• 'नोन प्रॉक्सीज'मध्ये प्रॉक्सीचा पत्ता भरला?
• ॲडमिन खातं वेगळं, पासवर्ड लांब?
• ऑफिसचा लॅपटॉप वेगळ्या नेटवर्कवर?
• महिन्याच्या अपडेटचा रिमाइंडर मोबाइलमध्ये टाकला?
• बॅकअपची डिस्क दुसऱ्या घरात पोचली?

सातही उत्तरं मिळाली? मग या वीकएण्डला खुशाल करा उद्घाटन. आणि पहिल्या शोचं आमंत्रण आई-बाबांना. सिनेमा कोणता, हे काय सांगायला हवं? त्यांच्याच लग्नाचा!